मापाची वही कुणाच्या हातात?

दुपारची कामं आटोपून, कुणी निवडणं-टिपणं घेऊन, कुणी लेकराला मांडीवर घेऊन रेडिओजवळ बसला असाल. आज मी तुम्हाला एका शिक्षणाची गोष्ट सांगणार आहे. रस्ता, पूल, धरण, शाळेची इमारत, पाण्याची टाकी बांधायला शिकवणारं हे शिक्षण. मराठीत त्याला स्थापत्य अभियांत्रिकी म्हणतात, पण आपल्या बोलण्यात ते ‘सिव्हिल’च आहे. पोरगा काय करतो? सिव्हिल करतो. पोरगी सिव्हिल करते म्हटलं, की मात्र अजूनही समोरची बाई क्षणभर थांबते. तो क्षणभराचा थांबा कुठून आला, हे आज पाहू.

सुरुवात माझ्या आईपासून करते. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या थोरल्या बायकांनी पाहिलाय. विहिरी आटल्या, जनावरं विकली, आणि सगळं गाव दुष्काळी कामावर गेलं. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते. तिथे मिळणारी सुकडी आठवते ना? माझी आई खडी फोडायला जायची. सहा बायकांची टोळी होती. एकजण धोंडे आणायची, बाकीच्या फोडायच्या. संध्याकाळी खडीचा चौकोनी ढीग रचायचा आणि माप घेणाऱ्या साहेबाची वाट बघायची.

तो यायचा, टेप लावायचा, खिशातली वही काढून लिहायचा आणि निघून जायचा. पगाराच्या दिवशी जे हातावर पडे ते घ्यायचं. आई म्हणायची, “आमचा घाम आम्हाला दिसायचा गं, पण त्यानं वहीत काय लिहिलं ते नाही दिसायचं.”

आता हिशेब बघा. खडी, वाळू आपण ब्रासवर मोजतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ढीग १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट उंच असेल, तर दहा पंचे पन्नास, पन्नास दुणे शंभर. झाली एक ब्रास. पण लिहिणाऱ्याने उंची दोनच्या जागी दीड फूट लिहिली, तर पन्नास गुणिले दीड, म्हणजे ७५. पाव ब्रास गेली. अर्धा फूट म्हणजे वीतभरही नाही, पण सहा जणींच्या मजुरीतला चौथा हिस्सा त्यात बुडाला. साहेब मुद्दाम कमी लिहायचा की घाईत, हे आईला कधीच कळलं नाही. कळायचा मार्गच नव्हता. तिला गुणाकार कुणी शिकवलाच नव्हता.

आता इथून मागे जाऊ, कारण ही वही फार जुनी आहे.

इंग्रजांच्या काळात बांधकामाचं शास्त्र आधी लष्करात होतं. किल्ले, तोफांचे मोर्चे, फौजेचे रस्ते. लष्कराखेरीजचं, लोकांच्या कामाचं बांधकाम वेगळं ओळखता यावं म्हणून त्याला ‘सिव्हिल’ म्हणू लागले. आपल्या देशात मद्रासजवळ गिंडीला १७९४ साली जमीन मोजायला शिकवणारी एक शाळा निघाली. तिचंच पुढे १८५९ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज झालं. उत्तरेत रूरकीला १८४७ साली कॉलेज निघालं, कारण जवळच गंगेचा मोठा कालवा खोदला जात होता आणि त्यासाठी माणसं तयार करायची होती. आपल्या पुण्यात १८५४ साली असाच एक वर्ग सुरू झाला. सरकारी बांधकाम खात्याला हाताखालचे कामगार-अधिकारी हवे होते, म्हणून तो काढला होता. तेच पुढे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यातच शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याला पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ साली बसवले.

ही सगळी पुरुषांची नावं. मग बायका कुठे होत्या? बायका धरणावरच होत्या. डोक्यावर पाटी घेऊन होत्या. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात सरकारने जी कामं काढली, त्यांवर बायका आणि पोरंही राबत होती. बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी, असं सरकारनेच ठरवलेलं होतं. म्हणजे बांधकामावर बाई नवी नव्हती. माती, दगड, चुना तिच्या हातून गेला. फक्त नकाशा, टेप आणि वही तिच्या हातात कधी आली नाही. कॉलेजच्या दारावर ‘बायकांना मनाई’ अशी पाटी लावायची गरजही कुणाला वाटली नव्हती. बाई येईल हे कुणाच्या मनातच नव्हतं.

ते दार उघडलं गिंडीला, १९४० च्या सुमारास. आणि उघडलं कुणी? एका विधवा आईने.

तिचं नाव ललिता. अय्यलसोमयाजुल ललिता. जन्म १९१९ चा. पंधराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी मुलगी झाली, आणि मुलगी चार महिन्यांची असताना नवरा वारला. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं, हे मी सांगायला नको. पण ललिताचे वडील, पप्पू सुब्बाराव, गिंडीच्या कॉलेजात वीज विषयाचे प्राध्यापक होते. मुलीने पुन्हा पुस्तक हातात धरलं. डॉक्टर व्हायचं तर रात्री-अपरात्री लेकराला सोडून जावं लागेल, म्हणून तिने इंजिनिअर व्हायचं ठरवलं. वडील प्राचार्यांकडे गेले, शिक्षण खात्याच्या संचालकांकडे गेले आणि परवानगी मिळवली. शेकडो मुलांच्या कॉलेजात एकटी मुलगी. राहायला वेगळी व्यवस्था. लेकरू नातेवाइकांकडे, भेट सुट्टीच्या दिवशी.

ललिता विजेची इंजिनिअर झाली, सिव्हिलची नव्हे. तरी तिची गोष्ट इथे सांगायची, कारण तिने एक फार शहाणपणाचं काम करवून घेतलं. एकटीला करमेना, तेव्हा वडिलांनी कॉलेजला जाहिरात द्यायला लावली, की इथे मुलींनाही प्रवेश मिळेल. त्या जाहिरातीनंतर केरळकडच्या दोन मुली आल्या. लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. त्रेसिया. या दोघींनी घेतलं सिव्हिल.

महायुद्धाचा काळ होता, अभ्यासक्रम थोडा आटोपता घेतला गेला, आणि तिघी जवळपास एकाच वेळी, १९४३-४४ च्या सुमारास पदवीधर झाल्या. पदवीच्या कागदावर मजकूर आधीच छापलेला होता आणि त्यात उमेदवार पुरुष धरलेला होता. मग इंग्रजीतला ‘तो’ खोडून हाताने ‘ती’ लिहावं लागलं. मला त्या खाडाखोडीचं फार अप्रूप वाटतं. कागदानेसुद्धा बाई धरलेली नव्हती.

त्रेसियाबाईंचं पुढे काय झालं ते ऐका. त्यांचा जन्म १९२४ चा, त्रिशूर भागातल्या एका गावातला. शिकून आल्यावर त्या कोचीन संस्थानाच्या बांधकाम खात्यात कनिष्ठ पदावर लागल्या. क्षयरोग्यांच्या इस्पितळाचं बांधकाम पाहिलं. एकेक पायरी चढत १९७१ साली त्या केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. आपल्या देशात त्या पदावर बसलेली ही पहिली बाई. त्यांच्या कारकिर्दीत केरळात वर्षाला सरासरी ३५ नवे पूल झाले. डांबरात रबर मिसळून रस्ते करायचा प्रयोगही त्यांनी केला. केरळात रबर पिकतं आणि पाऊसही धो धो पडतो, तेव्हा हे किती जागचं होतं ते तुमच्या लक्षात येईल. १९७९ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

सालं जरा जुळवून पाहा. १९७२ साली आपल्याकडे माझी आई आणि तिच्यासारख्या कितीतरी बायका रस्त्यावर खडी फोडत होत्या. त्याच वर्षी केरळात एक बाई साऱ्या राज्याच्या रस्त्यांच्या कागदावर सही करत होती. आईला हे कळलं असतं, तर तिला काय वाटलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आता आपल्या मुंबईत येऊ. माटुंग्याच्या ज्या संस्थेला आज वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे, तिथून १९५३ साली एका मुलीने सिव्हिलची पदवी घेतली. शकुंतला जोशी, लग्नानंतर शकुंतला भगत. कुठे कुठे त्यांना देशातली पहिली महिला सिव्हिल इंजिनिअर म्हटलेलं वाचायला मिळतं. पण गिंडीच्या दोघी त्यांच्या आधीच्या, हे आता तुम्हाला माहीत आहे. म्हणून शकुंतलाबाईंचं काम काही कमी होत नाही. त्या अमेरिकेत जाऊन पुढचं शिकल्या, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवलं, आणि १९७० मध्ये नवऱ्याबरोबर पुलांची कंपनी काढली.

त्यांची कल्पना अशी होती. दर नदीसाठी वेगळा पूल नव्याने आखायचा, लांबलचक तुळया ओढून न्यायच्या, हे डोंगरात जमत नाही. त्यापेक्षा पोलादाचे ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात तयार करायचे, घाटातून वर न्यायचे आणि जागेवर जोडायचे. नदी रुंद असली तर भाग जास्त, अरुंद असली तर कमी. नव्या पद्धतीवर पैसा लावायला कुणी पटकन तयार होईना, तेव्हा दोघांनी स्वतःची पुंजी घातली. १९७२ साली हिमाचलच्या स्पिती भागात त्यांचा पहिला पूल उभा राहिला. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत असे ६९ पूल झाले.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू. एक गोष्ट तुमच्या मनात आली असेल. ललिताचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक. शकुंतलाबाईंचे वडीलही पूल बांधणारे नावाजलेले अभियंते. बाप आतला माणूस होता, म्हणून दाराला धक्का देता आला. आपल्या लेकींचे बाप कुठे प्राध्यापक आहेत? कुणाची दोन एकर कोरडवाहू, कुणी ऊसतोडीला, कुणी गवंड्याच्या हाताखाली. मग आपल्या लेकींचं दार कोण उघडणार?

याचं उत्तर मला माझ्याच आयुष्यात मिळालं, म्हणून तेवढं सांगते.

दुष्काळी कामांनंतर आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला. १९७७ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि बाईला-पुरुषाला कामाचा दर एकच. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळातल्या नियमाच्या हे अगदी उलट. देशभराचा कायदा यायला मग २००५ साल उजाडलं. आई हमीच्या कामावर जात राहिली आणि त्याच पैशांतून मी दहावी झाले, मग तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या डिप्लोमाला गेले. आईने दुसरं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “वहीत काय लिहितात ते शिकून ये.”

वर्गात आम्ही दोघी मुली. सर्वेक्षणाच्या पहिल्याच तासाला मैदानात गेलो. तिपाईवर लेव्हलचं यंत्र, लांब उभी पट्टी, साखळी. शिकवणारे म्हणाले, मुलांनी यंत्र लावा, पट्टी धरा. मुलींचं अक्षर चांगलं असतं, त्यांनी सावलीत बसून वही लिहा. आम्ही बसलो. दुसऱ्या तासाला तेच, तिसऱ्यालाही तेच. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उन्हापासून वाचवतोय असंच त्यांना वाटत असणार. पण परीक्षेत यंत्र लावायला सांगितलं, तेव्हा बुडबुडा मधोमध आणताना माझे हात थरथरले आणि मी नापास झाले.

घरी येऊन रडले. आई म्हणाली, “मला टेप दिला नाही म्हणून मी रडले का? तू तर आत जाऊन बसलीयस. उठ आणि मागून घे.” पुढच्या तासाला आम्ही दोघी उठून सरांना म्हणालो, सर, आज वही मुलं लिहितील. सर हसले, पण यंत्र दिलं. दुसऱ्यांदा मी पास झाले. पुढे मीच तंत्रनिकेतनात शिकवायला लागले, तेव्हा एक नियम केला. वही, पट्टी आणि यंत्र दर अर्ध्या तासाला बदलायचं. मुलगा असो, मुलगी असो.

सिव्हिलच्या शिक्षणात असतं तरी काय? काही जादू नाही. जमीन मोजणं आणि तिचा चढउतार काढणं. माती किती भार सोसेल ते तपासणं. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचं प्रमाण. तुळईवर वजन आलं की ती कुठे दबते आणि कुठे ताणते. पाणी कुठून किती वेगाने येईल. कामाला किती खर्च येईल, आणि झालं ते काम मोजून कसं लिहायचं. यातलं निम्मं आपल्याला अनुभवाने माहीत असतं. बांध कुठे फुटतो हे शेतात राबणारीला कळतं. काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालं की ते कच्चं राहतं, हे घमेलं उचलणारी जाणते. शिक्षण त्या जाणिवेला आकडा देतं. आणि आकडा दिला, की आपलं म्हणणं कागदावर उतरतं.

हे किती मोलाचं आहे ते किल्लारीने शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला. हजारो माणसं झोपेतच गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीचे दोन थर एकमेकांत बांधलेले नव्हते, ते सुटले आणि छप्पर अंगावर आलं. पुढे घरं दुरुस्त आणि मजबूत करायची योजना आली, तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. भिंतीत आरपार जाणारे दगड का बसवायचे, कोपरे कसे बांधायचे, माळवदाचा भार कमी का करायचा, हे त्या घरोघरी सांगत फिरल्या. त्यांच्याकडे पदवी नव्हती. पण घर कशाने पडतं, हे त्यांनी समजून घेतलं आणि दुसऱ्याला समजावलं. दार उघडायची ही दुसरी तऱ्हा. ललिताच्या मागे बाप होता, या बायकांच्या मागे त्यांचं मंडळ होतं.

म्हणून मी म्हणते, आपल्या लेकींचं दार आपला गट उघडेल. वाट आता तेवढी बिकट राहिलेली नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि त्यावरून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. किंवा बारावी विज्ञान करून सीईटी द्यायची आणि चार वर्षांची पदवी घ्यायची. आपल्या राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. २०२४ च्या जुलैमध्ये शासनाने निर्णय काढला, की आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींनी व्यावसायिक पदवीला केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला, तर शिकवणीची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. कागदपत्रं मात्र वेळेत काढायला हवीत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला. जूनमध्ये धावपळ करण्यापेक्षा निकालाच्या आधीच काढून ठेवा.

फी माफ झाली तरी राहण्या-जेवण्याचा खर्च उरतोच, आणि बहुतेक मुली तिथेच अडतात. तिथे गटाने पुढे व्हावं. शेळीसाठी, शिलाई यंत्रासाठी आपण गटातून कर्ज देतो. एखाद्या वर्षी वसतिगृहाच्या पैशांसाठी देऊन पाहा. आणि मुलगी परत येऊन म्हणाली, की मला यंत्राला हात लावू देत नाहीत, तर ‘जाऊ दे, वही लिही’ असं तिला म्हणू नका.

तोवर आपणही एक करू. गावात रस्त्याचं, बंधाऱ्याचं काम निघालं, की माप घ्यायच्या दिवशी गटातल्या दोघी तिथे हजर राहा. टेपचं एक टोक आपण धरायचं. लांबी, रुंदी, उंची मोठ्याने वाचायला लावायची आणि आपल्या वहीतही लिहायची. गुणाकार येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बरोबर न्या. तिलाही कळेल, गणित कशासाठी शिकायचं.

माझी आई आता नाही. जायच्या आधी दोन वर्षं गावात शाळेची खोली बांधत होते आणि मी सुट्टीला गेले होते. माप घ्यायला कनिष्ठ अभियंता आली होती, विशी-बाविशीची पोर. आई काठी टेकत तिथे गेली, टेपचं टोक धरून उभी राहिली आणि म्हणाली, “वाच मोठ्यानं.” पोरीने वाचलं. आईला काही तो गुणाकार जमला नाही. पण तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मगच टेप सोडला.

बरं, येते मैत्रिणींनो. पुढच्या बैठकीला आपल्या गटात दहावी-बारावीच्या मुली किती आहेत, त्यांची यादी करा. त्यातल्या कुणाकुणाला गणित आवडतं, तेही विचारा.